‘मंडळी’ आणि एकटा शिष्य : मराठी ख्रिस्ती गद्यातील स्थानिक मंडळीचा प्रश्न, भिलाईच्या संदर्भात

१

१८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता त्यांच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होते. संस्कृत काव्यावरून सुरू झालेले बोलणे धर्मावर आले आणि निरोप घेण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती ‘नव्या करारा’ची प्रत ठेवली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो. त्याच्या घडणीकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. दोन प्रवासी, एक पुस्तक आणि धावती गाडी एवढेच त्यात आहे. देऊळ नाही, पाळक नाही, एकत्र बसून गाणारी माणसे नाहीत. मराठीतील सर्वांत मोठ्या ख्रिस्ती कवीची श्रद्धा अशा ठिकाणी अंकुरली की, जेथे कोणीच कोणाचे शेजारी नसते.

ज्या लोहमार्गावर हे घडले त्याच मार्गावर राजनांदगावच्या पुढे दुर्ग आणि दुर्गला लागून भिलाई आहे. १८९३ मध्ये भिलाई हे एक साधे खेडे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि ह्या खेड्याभोवती एक नियोजित नगर उभे राहिले. देशाच्या सर्व भागांतून येथे माणसे आली. त्यांत केरळातील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती होते, छोटा नागपूरचे होते, आंध्र-तमिळनाडूचे होते, छत्तीसगढमधील जुन्या मिशन-गावांतले होते आणि विदर्भ-मराठवाड्याकडून आलेली मराठी भाषक कुटुंबेही होती. प्रत्येक जण आपली भाषा जशी सोबत घेऊन आला तशीच आपली उपासनापद्धतीही घेऊन आला.

अशा गावी एक प्रश्न उघडपणे उभा राहतो. ख्रिस्तावर श्रद्धा असलेल्या माणसाने स्थानिक मंडळीत सहभागी का व्हावे? घरी पवित्र शास्त्र आहे, प्रार्थना आहे, स्वतःच्या भाषेतील गीते आहेत. मग शेजारच्या, कदाचित परक्या भाषेतल्या, उपासनेला जाऊन बसण्याचे प्रयोजन काय? धर्मशास्त्राने ह्या प्रश्नाची उत्तरे दिली आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील देह आणि अवयव ह्यांचे रूपक सर्वांना परिचित आहे. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र जमणे न सोडण्याचा आग्रह आहे, आणि काहींनी ते सोडले होते हेही तेथेच सूचित होते. म्हणजे हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेइतकाच जुना आहे. साहित्याचा अभ्यासक मात्र तो वेगळ्या अंगाने विचारतो : मराठीने हे ‘सामील होणे’ कोणत्या शब्दांत मांडले, कोणत्या कथनरूपात सांगितले, आणि त्या कथनांतून कोणते उत्तर निघते? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

२

प्रारंभ शब्दापासून करणे इष्ट ठरेल. ग्रीक ‘एक्लेसिया’ हा मुळात नगरसभेचा शब्द आहे. नागरिकांना बोलावून भरविलेली सभा असा त्याचा अर्थ. नव्या कराराने तो श्रद्धावंतांच्या समुदायासाठी घेतला. उत्तर भारतात हा शब्द दोन वाटांनी आला. फारसी-उर्दूच्या वाटेने आलेले रूप ‘कलीसिया’, आणि लॅटिनमधून पोर्तुगीजांच्या ‘इग्रेजा’मार्फत आलेले रूप ‘गिरजा’. मूळ एकच असूनही हिंदीत त्यांची कामे वाटली गेली. गिरजा किंवा गिरजाघर म्हणजे इमारत, कलीसिया म्हणजे माणसे. दोन्ही शब्दांना परकेपणाचा एक वास राहिला; कलीसिया हा शब्द ख्रिस्ती वर्तुळाबाहेर सहसा ऐकू येत नाही.

मराठी बायबलने मात्र घरातला शब्द उचलला. ‘मंडळी’ हा शब्द मराठी माणूस दिवसातून दहा वेळा वापरतो. पंगतीला बसलेली ती मंडळी, लग्नाला आलेली ती मंडळी, दिंडीत चालणारी ती मंडळी. जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचा उल्लेखसुद्धा ‘आमची मंडळी’ असाच करी. ह्या शब्दात नगरसभेचा औपचारिकपणा नाही. कोणी कोणाला निवडून घेतल्याचा भावही त्यात नाही. घरची मंडळी आपण निवडलेली नसते, ती असते. आणि असते म्हणून तिच्यासाठी स्वयंपाक करावा लागतो, तिची वाट पाहावी लागते, प्रसंगी तिचे बोलणेही खावे लागते. अनुवादकांनी हा शब्द एवढा विचार करून घेतला असेल किंवा नसेल. पण एकदा घेतल्यावर शब्दाने आपले काम केले. मराठी ख्रिस्ती गद्यात मंडळीचा प्रश्न पुन्हा पुन्हा घराच्या आणि स्वयंपाकघराच्या भाषेत का येतो, ह्याचे एक कारण ह्या शब्दनिवडीत आहे.

ह्याच्या मागे मराठी भूमीत तयार असलेली आणखी एक कल्पना होती. वारकरी पंढरीला एकटा जाऊ शकतो, विठ्ठलाची त्याला बंदी नाही. तरीही तो दिंडीतून जातो. दिंडीला क्रम असतो, वीणेकरी असतो, चोपदार असतो, मुक्काम ठरलेले असतात. वैयक्तिक भक्ती आणि चालणारा समुदाय ह्यांत विरोध आहे असे ह्या परंपरेला वाटले नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे १६१६ मध्ये छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ही एकट्याने वाचण्याचे पुस्तक म्हणून रचलेले नाही. आपली जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांच्या मागणीला दिलेले उत्तर हीच त्याची भूमिका आहे, आणि गुरू-श्रोता संवादाची त्याची चौकट जमलेल्या सभेला गृहीत धरते. मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा आरंभ अशा रीतीने श्रोतृसमुदायात झाला. एकांतातला वाचक त्यानंतर बऱ्याच काळाने, मुद्रणाच्या प्रसाराबरोबर आला. टिळकांच्या हाती आगगाडीत पडलेली प्रत ही त्या नव्या वाचकाची खूण आहे.

३

मंडळीच्या विरुद्ध मराठीत जे आक्षेप घेतले गेले ते सामान्य नाहीत. ते घेणाऱ्या दोन व्यक्ती मराठी ख्रिस्ती समाजातील सर्वश्रेष्ठ व्यक्तींपैकी आहेत.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काही वर्षांत सिस्टर जेराल्डीन, डोरोथिया बील आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पत्रे म्हणजे सदसद्विवेकबुद्धी आणि चर्चची अधिकारसंस्था ह्यांच्यातील एक प्रदीर्घ वाद आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, श्रद्धासूत्रे आणि बिशपांची आज्ञा ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट आपल्या बुद्धीला पटल्याशिवाय स्वीकारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या प्रश्नावर बिशपांनी घेतलेली हरकत त्यांना मान्य झाली नाही. एका पुरोहितवर्गाचे वर्चस्व झुगारून आलेली स्त्री दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे मान तुकविण्यास नकार देते, हा ह्या पत्रांचा गाभा आहे. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्या आणखी पुढे जातात. ख्रिस्ती पंथांच्या गर्दीत आपण गोंधळून गेलो, धर्म हाती आला तरी ख्रिस्त सापडायला आणखी कित्येक वर्षे लागली, असा त्या निवेदनाचा आशय आहे.

टिळकांचा आक्षेप दुसऱ्या दिशेने आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढची सुमारे दोन दशके ते अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त जिथे समान पातळीवर एकत्र येतील असा बंधुसंघ त्यांना हवा होता. त्यांची खंत स्पष्ट होती : मिशनच्या पगारावर, मिशनच्या आवारात आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या उपासनेत वाढलेली मंडळी ह्या भूमीला परकी राहिली आहे. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेल्या ह्या कवीला पुलाच्या पलीकडे एक कुंपण आढळले.

हे दोन्ही आक्षेप एकत्र वाचले म्हणजे मंडळीविरुद्धचा युक्तिवाद पूर्ण होतो. रमाबाई सांगतात की मंडळी बुद्धीवर जुलूम करू शकते. टिळक सांगतात की मंडळी श्रद्धेला शेजाऱ्यांपासून तोडू शकते. तौलनिक दृष्टीने पाहता ह्या भूमिकांना सोबती आहेत. सिमोन वेल ह्यांची १९५० मध्ये संग्रहरूपाने प्रसिद्ध झालेली पत्रे चर्चच्या उंबऱ्यावर थांबण्याचे समर्थन करतात; बाहेर राहिलेल्यांपासून आपण वेगळे होऊ नये हे त्यांचे एक कारण टिळकांच्या कारणाजवळ जाते. आंध्रातील के. सुब्बा राव ह्यांनी बाप्तिस्मा आणि संघटित चर्च ह्यांवाचून ख्रिस्तभक्तीचा मार्ग धरला. तमिळनाडूतील बाप्तिस्मा न घेतलेल्या श्रद्धावंतांचा हर्बर्ट होफर ह्यांनी केलेला अभ्यास १९९१ मध्ये ‘चर्चविरहित ख्रिस्ती धर्म’ अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय धर्मशास्त्रात ज्याची चर्चा झाली त्याचे बीज साताऱ्यात १९१७ मध्ये पडले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बिशपांची सत्ता नाकारणाऱ्या रमाबाई एकट्या राहिल्या नाहीत. केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभे केले आणि तेथे दुष्काळातून वाचलेल्या, टाकलेल्या शेकडो स्त्रिया व मुले एकत्र जेवत, काम करीत आणि प्रार्थना करीत. त्यांनी मूळ भाषांवरून केलेला बायबलचा अनुवाद त्या मंडळीतल्या स्त्रियांच्या हातांनी छापला गेला आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्णरूपाने बाहेर आला. टिळकांनीही मिशनची नोकरी सोडल्यावर एकांत पत्करला नाही, दरबार मांडला. संस्था नाकारणाऱ्या दोघांनाही दुसऱ्याच दिवशी माणसे जमवावी लागली. तेव्हा त्यांच्या आक्षेपांतून ‘मंडळी नको’ असा निष्कर्ष काढणे हे त्यांच्या चरित्रांशी विसंगत ठरेल.

‘दरबार’ ह्या शब्दाकडेही थोडे थांबून पाहावे. दरबारात राजा असतो आणि प्रत्येकाची त्याच्यापुढे हजेरी असते. दरबाऱ्यांचे एकमेकांशी नाते असलेच पाहिजे असे नाही. दिंडीत किंवा मंडळीत मात्र शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागते. टिळकांनी आपल्या स्वप्नासाठी जे रूपक निवडले त्यात देव आणि भक्त ह्यांच्यातील अंतर नाहीसे होते, भक्त आणि भक्त ह्यांच्यातील अंतराविषयी ते रूपक फारसे बोलत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. दरबार त्यांच्या पश्चात फार काळ उभा राहू शकला नाही. त्याची एक मर्यादा बहुधा ह्या रूपकातच होती. त्यांची गीते मात्र टिकली. ती टिकली ‘उपासना-संगीता’त, म्हणजे ज्या मंडळ्यांना ते परक्या म्हणत होते त्यांच्या दर रविवारच्या गाण्यात. कवीने ज्यांच्याविषयी खंत केली त्यांनीच कवीला जिवंत ठेवले. मराठी ख्रिस्ती साहित्येतिहासातील हा विरोधाभास समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

४

धर्मांतराच्या आत्मकथनांचा एक ठरलेला घाट असतो. संशय, शोध, घरातील विरोध, निर्णय आणि बाप्तिस्मा. तेथे कथा संपते. बाबा पदमनजी ह्यांचे ‘अरुणोदय’ प्रामुख्याने ह्याच प्रवासाचे चित्रण करते. १८५४ मधील बाप्तिस्मा हा त्याचा कळस आहे. ऑगस्टीनपासून चालत आलेला हा घाट दारापर्यंत नेतो. दाराच्या आत गेल्यावर काय होते, कोणाशेजारी बसावे लागते, कोणाच्या ताटात जेवावे लागते, हे सांगण्याची त्याला गरज वाटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात भागशः प्रसिद्ध झाली. ह्या ग्रंथाचे वेगळेपण त्याच्या विनोदात आणि प्रांजळपणात आहे असे सामान्यतः म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. येथे बाप्तिस्मा हा शेवट नाही, मधला एक टप्पा आहे; आणि त्याच्या आधी एक अधिक अवघड टप्पा येऊन गेलेला आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवली. जातिभेद माणसाने केलेला आहे ही खात्री पटल्यावर त्यांनी प्रथम कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. दुसऱ्याच्या हातचे पाणी आधी, बाप्तिस्म्याचे पाणी नंतर. सिद्धान्त पटवून घेऊन मग समाजात मिसळण्याचा टिळकांचा आणि रमाबाईंचा मार्ग येथे उलटा झाला आहे. लक्ष्मीबाई आधी माणसांत शिरतात, आणि श्रद्धेला नाव मागाहून देतात. त्यांच्या कथनात मंडळी म्हणजे दुष्काळात घरी आलेली पोरकी मुले, अपुऱ्या पगारात वाढलेली पाने, आजाऱ्याची शुश्रूषा, पाहुण्यांची ये-जा आणि त्यातून होणारी भांडणे. ख्रिस्ती समाजाचे आदर्श चित्र त्या काढीत नाहीत. तेथील हेवेदावे, तेथले मोठेपण-धाकटेपण त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तरीही त्या दूर उभ्या राहून निवाडा करीत नाहीत. ज्याच्यावर हसतात त्याच्यासाठीच पुढच्या परिच्छेदात चूल पेटवितात.

डीट्रिख बोनहोफर ह्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामुदायिक जीवनावरील छोट्या ग्रंथात एक इशारा दिला आहे. प्रत्यक्षातल्या समुदायापेक्षा समुदायाच्या स्वप्नावर अधिक प्रेम करणारा माणूस, त्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, समुदायाचा नाश करतो, असा त्याचा भावार्थ आहे. गेस्टापोने १९३७ मध्ये बंद पाडलेल्या फिंकनवाल्डे येथील पाठशाळेचा अनुभव त्यामागे होता. एकमेकांविषयी काहीही ठाऊक नसलेल्या ह्या दोन लेखकांचे साम्य विस्मयकारक आहे. टिळक स्वप्न पाहणारे होते. लक्ष्मीबाईंना स्वप्न पाहण्यास सवड नव्हती, त्यांच्यापुढे माणसे होती. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून आरंभीच्या काही अध्यायांपुढे गेले नाही. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. एकट्या प्रतिभेचा संकल्प घरच्या ‘मंडळी’ने पुरा केला असे म्हटले तर ते केवळ शब्दखेळ ठरणार नाही.

‘स्मृतिचित्रे’तून निघणारे उत्तर अशा रीतीने मांडता येईल : मंडळीत जावे ते तेथील माणसे चांगली आहेत म्हणून नाही. आपण न निवडलेल्या माणसांत राहिल्याखेरीज आपल्या श्रद्धेत किती सोवळे उरले आहे हे कळत नाही, म्हणून जावे. दरबाराला दरबारी निवडता येतात, मंडळीला ती सोय नसते; आणि तेच तिचे मूल्य आहे.

५

हे उत्तर भिलाईत आणून पाहिले म्हणजे त्याची कसोटी लागते. भिलाईला ‘लघुभारत’ म्हणण्याची प्रथा आहे. कारखान्याच्या पाळीत वेगवेगळ्या प्रांतांची माणसे खांद्याला खांदा लावून काम करीत, सेक्टरमधील वसाहतीत शेजारी राहत. उपासनेच्या वेळी मात्र ती पुष्कळदा आपापल्या प्रांतात परतत. मल्याळी कुटुंब आपल्या परंपरेच्या चर्चमध्ये आपल्या भाषेतील उपासनेला जाते, तसेच इतरांचे. ह्यात अस्वाभाविक काही नाही. परक्या मुलुखात आईच्या भाषेतील प्रार्थना हा मोठा आधार असतो. पण मग ‘स्थानिक’ ह्या शब्दाचा अर्थ काय राहतो? ज्या मंडळीचे सर्व सभासद दुसऱ्या एखाद्या ठिकाणचे आहेत ती भिलाईत भरते एवढ्यानेच भिलाईची होते का?

जोनाथन पॅरी ह्यांचा भिलाईवरील प्रदीर्घ अभ्यास २०२० मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. कारखान्याचे कायम कामगार आणि ठेकेदारांकडील कामगार ह्यांच्यातील दरी, तसेच बाहेरून आलेले आणि मूळचे छत्तीसगढी ह्यांच्यातील ताण हे त्यातील मध्यवर्ती विषय आहेत. नियोजित सेक्टर आणि त्यांच्या भोवतालच्या बस्त्या ही त्या दरीची भौगोलिक रेषा आहे. भिलाईतील मंडळीचा प्रश्न ह्या रेषेपासून वेगळा काढता येत नाही. सेक्टरमधील सुशिक्षित मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा सहधर्मी हा कदाचित बस्तीत राहणारा, छत्तीसगढी बोलणारा ठेका-कामगार असेल. त्याच्या हिंदी उपासनेत जाऊन बसणे म्हणजे लक्ष्मीबाईंच्या पाण्याच्या निश्चयाचे आजचे रूप होय. ‘कलीसिया’ हा अनोळखी शब्द तेथे ‘मंडळी’ ह्या ओळखीच्या शब्दाची जागा घेतो, आणि ही अडचण क्षुल्लक नाही. भाषेचेही एक सोवळे असते.

मात्र ‘स्थानिक’ ह्या शब्दाला केवळ गौरवाचा शब्द मानून चालणार नाही. छत्तीसगढचाच जुना इतिहास त्याविरुद्ध सावध करतो. १८६८ मध्ये जर्मन वंशाचे मिशनरी ऑस्कर लोर ह्यांनी बिश्रामपूर येथे सतनामी समाजात कार्य आरंभिले. तेथे मिशन हे धर्मगुरू होते आणि मालगुजारही होते. सौरभ दुबे ह्यांच्या अभ्यासातून ह्या गावातील मंडळीचे नियम, तिची शिस्त आणि गावकऱ्यांनी त्या शिस्तीशी केलेली देवघेव समोर आली आहे. जिथे जमीन देणारा आणि प्रभुभोजन देणारा हात एकच असतो तिथे मंडळीतील सहभाग कितपत स्वेच्छेचा, हा प्रश्न उरतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी लिहिताना, धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जातीची ओळ कायम राहिल्याकडे आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा न राहिल्याकडे लक्ष वेधले आहे. मंडळी स्थानिक आहे म्हणून ती न्यायी असेल असे नाही. गावाची विषमता तिच्या बाकांवरही बसू शकते. रमाबाई आणि टिळक ह्यांचे आक्षेप येथे पुन्हा जिवंत होतात, आणि ते तसे राहणे मंडळीच्या हिताचे आहे.

दुसऱ्या बाजूने, एकट्या श्रद्धेची सोयही छत्तीसगढमध्ये आता तितकी निर्वेध राहिलेली नाही. बस्तरमधील एका गावी जानेवारी २०२५ मध्ये मृत्यू पावलेल्या एका ख्रिस्ती पाळकाचे दफन कोठे करावे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा ह्यांची मते भिन्न पडली. कुटुंबाच्या खासगी शेतजमिनीत दफन व्हावे असे एक मत, ख्रिस्ती दफनभूमीतच व्हावे असे दुसरे. अखेर मृतदेह अधिक काळ ठेवावा लागू नये म्हणून गावापासून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवरील करकापाल येथील दफनभूमीचा निर्देश देण्यात आला. त्याच वर्षी २५ जुलै रोजी दुर्ग रेल्वेस्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपांखाली अटक झाली. २ ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. ज्या लोहमार्गावर १८९३ मध्ये एका अनोळखी प्रवाशाने दुसऱ्याला पुस्तक दिले, त्याच मार्गावरील स्थानकात हे घडले.

ह्या घटनांची कायदेशीर चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांत एक जुना प्रश्न नव्याने ऐकू येतो : माणूस कोणत्या गावाचा? मातीत कोणाशेजारी निजण्याचा त्याला अधिकार? श्रद्धा अंतःकरणाची असते हे खरे. परंतु प्रेत उचलण्यास चार खांदे लागतात, आणि ते अंतःकरणातून मिळत नाहीत. मराठीत ‘मंडळी जमली’ हे वाक्य लग्नघरात जसे ऐकू येते तसे मयताच्या घरीही ऐकू येते. दोन्ही प्रसंगी जमणारी माणसे तीच असावीत अशी अपेक्षा ह्या शब्दात आहे. स्थानिक मंडळीचे प्रयोजन ह्यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे.

६

आतापर्यंतच्या विवेचनातून तीन निरीक्षणे नोंदविता येतात. पहिले म्हणजे, मराठी ख्रिस्ती गद्यात मंडळीचा पुरस्कार आणि मंडळीवरील टीका ह्या दोन वेगळ्या परंपरा नाहीत. टीकाकारांनीच नव्या मंडळ्या उभ्या केल्या आणि जुन्या मंडळ्यांनी टीकाकारांची गीते जपली. दुसरे, ह्या साहित्याचे सर्वांत समर्थ उत्तर तात्त्विक निबंधातून आले नाही. ते एका गृहिणीच्या आत्मकथनातून आले, कारण ‘मंडळी’ हा शब्द मुळात तिच्या कार्यक्षेत्रातला होता. तिसरे, ‘स्थानिक’ ह्या विशेषणाचा अर्थ भूगोलाने पुरा होत नाही. आपण न निवडलेला शेजारी ज्या समुदायात आपल्याला भेटतो तो स्थानिक. आपल्याच भाषेची, जातीची, पगाराची माणसे ज्यात भेटतात तो समुदाय जवळ असूनही परगावचा असू शकतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा ख्रिस्ती संप्रदायांनी आपापली नावे बाजूस ठेवून उत्तर भारतीय चर्च स्थापन केले. वेगळ्या वाटांनी आलेल्यांनी एक पंगत करावी, ही टिळकांच्या स्वप्नातील एक इच्छा त्यात अंशतः उतरली असे म्हणता येईल. परंतु संप्रदायांचे ऐक्य ठरावाने होते; मंडळीचे ऐक्य दर रविवारी नव्याने करावे लागते. भिलाईच्या एखाद्या हिंदी उपासनेत मागच्या बाकावर बसून, ओळखीच्या गीताचे अनोळखी शब्द हळूहळू उचलणारा मराठी भाषक सभासद हे काम करीत असतो. राजनांदगावच्या गाडीत एका वाचकाला पुस्तक मिळाले. त्या पुस्तकाचा पुढचा अर्थ लावण्याचे काम फलाटावर उतरून, गावात शिरूनच होते.